टेन्शनर आणि मुलाखत

माझ्या मुलाखतीचं सांगितलंच नाही का तुम्हाला? लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळी कामांना माणसं घेत होते. मुलाखत लातूरलाच होती. उमरीहून मोटारसायकलवर निघालो, तर चाकूरला इंजिन खडखडायला लागलं.

मिस्त्री सिद्रामप्पा म्हणाले, "आतली चेन ताणून धरणारा टेन्शनर झिजलाय. अशीच पळवली तर इंजिन जातंय. पार्ट लातूरलाच मिळंल."

मी बसनं लातूर गाठलं, टेन्शनर घेतला, परत चाकूरला येऊन बसवून घेतला आणि गाडीवरच मुलाखतीला पोचलो. साहेब उठायच्याच बेतात होते. उशिराचं कारण विचारलं, मी सगळं सांगितलं.

"म्हणजे सकाळी तुम्ही लातूरला येऊन माघारी गेलात?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तरी म्हणालो, "हाव साहेब. गाडी तिकडं खोलून पडली होती, ती अर्धवट कशी सोडायची?"

साहेब पोट धरून हसले. मग कारकुनाला म्हणाले, "याला टँकरवर घ्या. गावात पाणी पोचल्याशिवाय हा घरी जायचा नाही."