सगळ्यांनी उजव्या बाजूला बसावं

आजच्या या निरोप समारंभाचं अध्यक्षपद ज्यांनी मोठ्या मनानं स्वीकारलं ते आपल्या तालुक्याचे सन्माननीय तहसीलदारसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेले पोलिसांचे अमीनसाहेब, गावचे पाटील भगवानराव, पंचक्रोशीतून आलेली मानकरी मंडळी आणि खाली सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेले युसूफ वडगावचे माझे बंधू-भगिनी, आपणा सर्वांना या सुंदरराव देशमुखाचा नमस्कार. आणि ज्याच्यासाठी हा मांडव घातला, तो आमच्या मोटारीचा चालक आश्रुबा. आश्रुबा, जरा नीट टेकून बस. बघा, खुर्चीच्या कडेला कसा बसलाय. अरे, खुर्ची आपलीच आहे, मोडली तरी तुझ्याकडून भरून घेणार नाही.

बाहेर जो आवाज येतोय तो आपल्या मोटारीचा. मीच ती चालू ठेवायला सांगितलीय. एकदा बंद पडली की पुढून हँडल मारून मारून माणसाचा खांदा निखळतो, आणि कार्यक्रम उरकल्यावर पाहुण्यांना मोमिनाबादला सोडायचंय. आजपासून ती आश्रुबाचा जावई रामहरी चालवणार. सासऱ्याची जागा जावयाला दिली, घरातली भाकरी घरातच राहिली. असा मालक या मुलखात दुसरा दाखवा.

आता आश्रुबाचे गुण सांगायला उभा राहिलोय तर दोष कसे सांगू? पण निरोपाच्या दिवशी खोटं बोलू नये, असं आमचे वडील म्हणायचे. आश्रुबाला एक वाईट खोड होती. मोटारीखाली घुसायची. लोक देवाच्या पाया पडतात, हा रोज सकाळी चाकांच्या पाया पडायचा. हातात सुतळी. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर आधी पुढच्या अंगानं मोजायचं, मग मागच्या अंगानं, आणि तोंड पाडून माझ्या दारात यायचं. "मालक, चाकं फाकल्यात. टायर आतल्या कडेनं खाऊन चाललंय. डावीकडची स्प्रिंगची कमान बसली हाय, तिचा पाटा फुटलाय. गाडी वळवायच्या हँडलात लई ढिलाई हाय, गाडी सारखी डावीकडं ओढती."

आता मंडळी, मोटार मी हैदराबादच्या एका जहागीरदाराकडून घेतली. त्यांनी ती भरपूर वापरली होती, हे मी कधी लपवलं नाही. म्हातारं झालं की माणूससुद्धा एका अंगावर चालतं, मग मोटारीनं काय पाप केलं? आश्रुबाचं म्हणणं, ती आगगाडीनं हैदराबादच्या कारखान्यात पाठवा. पुढचा भाग उघडा, कमान बदला, चाकं जोडणाऱ्या दांड्या बदला. आणि परळीची जत्रा तोंडावर. जत्रेच्या दिवसांत मोटार आगगाडीत बसवून हवा खायला पाठवतो का कुणी?

मी त्याला विचारलं, बैलगाडी मागच्या ओझ्यानं उलाळ झाली तर तू काय करतोस? सुताराला बोलावतोस का? पोतं पुढं सरकवतोस. गाडी एका बाजूला कलली तर ओझं दुसऱ्या बाजूला घेतोस. आपल्या बापजाद्यांनी हेच केलं आणि आपण जगलो. मोटार डावीकडं ओढते ना, मग माणसं उजवीकडं बसव. फुटलेल्या पाट्याला मी ओल्या कातड्याची वादी आवळून घेतली. ती वाळल्यावर अशी बसली की लोखंडानं मान खाली घालावी. तेव्हापासून आपल्या मोटारीत चढताना आरोळी असते, सगळ्यांनी उजव्या बाजूला बसावं. हसता कावून? चालली की नाही मोटार? जत्रेला तुम्हीच उजवीकडं एकमेकांच्या मांडीवर बसून गेलात ना?

मग तो सीताफळाच्या दिवसांतला बाजार आला. त्या दिवसाचा विषय मी आज काढणार नव्हतो, पण केशरबाईच्या घरची माणसं मागं उभी राहून माझ्याकडं बघतायत, म्हणून काढतो. केशरबाई टोपल्या घेऊन आली आणि डाव्या बाजूला बसली. का बसली? उजवीकडं जागा नव्हती म्हणे. जागा नव्हती तर पायी जायचं होतं, तिचे पाय कुणी मोडले होते? ओढ्याच्या अलीकडं चाक दगडावर गेलं, दांडी सुटली आणि डावं चाक पार आडवं झालं. हँडल असं गरकन फिरलं की आश्रुबाची दोन्ही मनगटं मोडली. मोटार ओढ्यात पडली आणि केशरबाई तिच्याखाली सापडून जागीच गेली. तिची सीताफळं पोरं दोन दिवस ओढ्यातून वेचून खात होती. माझं एक दार कामातून गेलं, त्याबद्दल मात्र आजवर एकानंही तोंडातून हळहळीचा शब्द काढला नाही.

अमीनसाहेबांनी रीतसर चौकशी केली. चौकशी होईपर्यंत साहेब आमच्याकडंच मुक्कामाला होते, त्यामुळं गावाला काही तोशीस पडली नाही. चूक चालकाची ठरली. हँडल घट्ट धरलं नाही, एवढंच. मी तरी आश्रुबाला काय म्हणालो? काही नाही. त्याला आता बायको भाकरी कुस्करून भरवते, असं ऐकतो. नशीबवान आहे. आम्हाला आमच्या घरात पाणी कुणी देत नाही.

आज सकाळी हा पुन्हा दारात आला. मला वाटलं, सत्काराचं ऐकून डोळे भरून आले असतील. हा म्हणतो, "मालक, मला पागोटं नको. तुमी दार बसवलं, वादी नवी आवळली, पण पुढचं काय बी खोललं न्हाई. ते खोला आणि मंग रामहरीला बसवा. लेक माझी हाय." लेक तुझी आहे हे मला माहीत नाही का? पण तुझं घर माझ्या जागेत आहे, शेत माझं आहे, आणि जावयाला काम मी देतोय. रामहरी नाही म्हणाला का? त्यानं तोंड उघडलं का? मग तू कावून मधे पडतोस?

असो. आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. चारचौघांत पागोटं डोक्याला लागलं की मागचं सगळं मिटलं. मग त्याबद्दल त्यानंही बोलायचं नाही, केशरबाईच्या घरच्यांनीही नाही आणि गावानंही नाही. त्यासाठीच साहेबांना एवढ्या लांबून तसदी दिली. चल, आश्रुबा, पुढं ये. हात उचलायची गरज नाही, मीच बांधतो. मान तेवढी वाकव.

काय म्हणतोस? मोठ्यानं बोल, आज तुझा दिवस आहे, लोकांना ऐकू दे. ऐकलंत का, साहेब? हा म्हणतो, "मालक, आज पाहुण्यांसंगं तुमी बी मोटारीत चला. डाव्या बाजूला, केशरबाईच्या जागेवर बसा. मोमिनाबादला पोचलो की तिथंच पागोटं बांधून घेतो."

हसू नका. यात हसण्यासारखं काय आहे? मी बसलो असतो, पण आज माझं पोट बरं नाही. आणि मालकानं कुठं बसायचं ते चालक ठरवणार का? साहेब, आपण उठलात? आभार राहिलेत अजून. टांगा सांगितलाय? कधी सांगितला? बरं. अमीनसाहेब, आपणही टांग्यातच? भगवानराव, तुम्ही तरी बसा. तुमचं तर घर इथंच आहे, तुम्हाला कुठं मोमिनाबादला जायचंय.

आश्रुबा, चारचौघांत शोभा केलीस. डाव्या बाजूला माणूस पाहिजे ना तुला? मग तुझी लेक सत्यभामा बसेल. नवरा मोटार चालवतोय, बायको शेजारी बसली, शोभून दिसेल. सत्यभामा, ऊठ. बापाकडं काय बघतेस? जा, बस जाऊन.

मोटार कावून बंद झाली बे? कुणी बंद केली? रामहरी, तू आत कावून आलास? तुला बाहेर थांबायला सांगितलं होतं ना? सासऱ्याजवळ खाली कावून बसतोस? तुझ्याशी बोलतोय मी. बरं, बसा. सगळेच बसा. उद्या माझ्या दारात याल तेव्हा बोलू.

हे पागोटं इथं टेबलावर ठेवतो. मंडळी, उठू नका, आभार राहिलेत. ज्यांनी मांडव घातला त्यांचे आभार, ज्यांनी सतरंज्या दिल्या त्यांचे आभार, आलेल्या आणि आता निघालेल्या पाहुण्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाला शब्द लागला असेल, मानपानात काही उणं राहिलं असेल, तर घरचा माणूस समजून पोटात घाला. आणि जाता जाता एक विनंती. मोटार रस्त्यातच उभी आहे. कुणीतरी हँडल मारायला या. मला एकट्याला ते जमत नाही.