दारावरची केरसुणी

(स्टुटगार्टजवळचं एक द्राक्षगाव, एप्रिलमधली रविवारची दुपार. वाइन करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या अंगणात टेबलं बारा आणि माणसं दोन : अनिमेषची आई कुंदाताई, पुण्याच्या, आणि त्याच्या सासूबाई सरलाताई, तासगावच्या. दोघी एकाच बाकावर बसल्या आहेत, मधे तिसरी विहीण मावेल एवढी जागा सोडून.)

कुंदाताई : नाही नाही, तुम्हीच राहा. मी काय, मुलाची आई. बाळंतपणात मुलाच्या आईला एकच काम, पेढे वाटायचं.

सरलाताई : असं कसं, कुंदाताई? तुम्ही तर बॅग भरून पुस्तकं आणल्यात की, बाळाला कसं वाढवायचं त्याची. मी आपली अडाणी. नुसता डिंक आन् अळीव घेऊन आले.

कुंदाताई : त्या अळिवाचा वास माझ्या साड्यांना अजून येतोय. असो. दोन खोल्यांच्या घरात दोन आज्या म्हटल्यावर व्हायचंच.

सरलाताई : पहिलं बाळंतपण माहेरचं, एवढंच आमच्यात म्हणतात. आता पोरगी आठव्या महिन्यात विमानानं तासगावला येणार होती का? म्हणून माहेरच इथं आलं.

कुंदाताई : आलं खरं. नव्वद दिवसांच्या व्हिसावर.

सरलाताई : तुमचा काय जन्माचा हाय होय?

कुंदाताई : भांडायचं कशाला? अनिमेषच म्हणालाय ना, आज इथे छान हवेत बसू आणि कोण राहणार ते एकदाचं सांगतो. त्यालाच सांगू दे. माझा मुलगा आहे, शहाणपणानेच ठरवेल.

सरलाताई : व्हय. आन् माझ्या शमिकाला विचारून ठरवलं असलं, तर अजून शहाणा.

कुंदाताई : तुम्ही ती वाइन घ्या ना थोडी. घरची आहे. मी फक्त चव बघितली.

सरलाताई : तीनदा बघितली. मोजतीय मी. नको, तीस वर्षं घरात द्राक्षबाग हाय, खायची न्हाईतर बेदाणा करायचा. आन् हे वेल बघा. एप्रिल संपत आला तरी बोटभर फुटवा.

कुंदाताई : थंड हवेतली द्राक्षं आहेत. हळूहळू पिकतात, म्हणून वाइन चांगली होते, असं या पत्रकात लिहिलंय. काहींना पिकायला वेळ लागतोच.

सरलाताई : आन् काही शेवटपातूर आंबटच ऱ्हातात.

कुंदाताई : बरं, इथे चिटपाखरू का नाही? अनिमेष म्हणत होता, रविवारी उभं राहायला जागा मिळत नाही.

सरलाताई : गाड्या येत्यात, फाटकाशी हळू होत्यात, आन् निघून जात्यात. तीन गेल्या.

कुंदाताई : आपल्याला बघून जात असतील.

अनिमेष : (आतून येत) आई, मम्मी, एक विचारायचं होतं. फाटकावरचा झाडू कुठे गेला?

कुंदाताई : कुठला झाडू?

अनिमेष : मोठा, काटक्यांचा. बाहेर टांगलेला होता. मालक सगळीकडे शोधतोय.

सरलाताई : ती केरसुणी होय! आत हाय की, दाराआड, आडवी ठेवलीय नीट. लक्ष्मी कुणी अशी उलटी टांगतं का, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोक्यावर?

कुंदाताई : मी फक्त एवढंच म्हटलं की बरं दिसत नाही. काढली यांनी.

सरलाताई : आन् बाकावर चढताना मला धरलं कुणी?

अनिमेष : अहो मम्मी, तो झाडू म्हणजेच इथली पाटी! टांगला म्हणजे ‘या, आज घरची वाइन आहे.’ काढला म्हणजे बंद. या जागेचं नावच मुळी झाडू आहे, बेझन! बिचारा म्हातारा चाळीस माणसांचं बटाट्याचं सॅलड करून बसलाय.

कुंदाताई : मग सरळ लिहावं ना ‘उघडे आहे’ म्हणून. देशभर इंजिनिअर भरलेत, एक पाटी लिहिता येत नाही?

अनिमेष : आई, आल्झो, म्हणजे, अर्धा तास झाला आपल्याला येऊन. अर्ध्या तासात तुम्ही एका परक्या माणसाचं दुकान बंद पाडलंत. दोघींनी मिळून! तीन आठवड्यांत पहिल्यांदा तुमचं एकमत झालं आणि ते यावर.

सरलाताई : टांगून या मग. चुकलं म्हणून सांगा त्यांना.

अनिमेष : (फाटकाशी जाऊन परत येतो) टांगला मी. सॉरीपण म्हटलं. पण घरी कोणाला सॉरी म्हणू? पलंगाची दिशा बदलली. मसाल्यांचे डबे सकाळी एक लावते, संध्याकाळी दुसरी. शमिका हल्ली बाथरूममध्ये जाऊन बसते, माहितीये? एकटं बसायला तेवढीच खोली उरलीय.

कुंदाताई : बरोबर आहे, गर्दी झालीय. म्हणून तर म्हणतेय, सांगून टाक. आमच्यातलं कोण राहणार?

अनिमेष : कोणीच नाही.

सरलाताई : म्हणजे?

अनिमेष : तुम्ही दोघी मेअखेरीला, बाळ यायच्या आधी, परत जायचं. मी दोन महिन्यांची सुट्टी घेतलीय. एल्टर्नत्साइट, पालकांची रजा, इथे बापालाही मिळते. सुईण रोज घरी येऊन बघून जाणार. पहिले दिवस आम्ही तिघंच. दिवाळीला आम्ही येतो ना बाळाला घेऊन.

सरलाताई : शमिका कुठाय?

अनिमेष : ती काय, कुंपणापलीकडे, त्या सफरचंदाच्या झाडाखाली. म्हणाली, तू सांग, मला रडू येईल.

सरलाताई : पोरीला आई नको झाली होय.

अनिमेष : तसं नाही, मम्मी. तिला वाटतं, तुम्ही असलात की मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसेन. आणि गेनाऊ, अगदी बरोबर, बसेनच! ‘तू सर, हे पुरुषांचं काम नाही’ म्हटलं की मला सुटल्यासारखंच होईल.

सरलाताई : आन् बाळंतिणीला खायला काय घालणार तुम्ही? ब्रेड?

कुंदाताई : असं कसं, विहीणबाई. वर चीज घालेल की.

सरलाताई : बाळ रडायला लागलं तर कंपनीत फोन लावेल. मीटिंग घेतील.

अनिमेष : झालं? अजून काही?

सरलाताई : न्हाई, झालं कसलं? माझी लेक हाय ती. मी जाणार न्हाई. लिहून ठेवा.

कुंदाताई : सरलाताई, थांबा जरा.

सरलाताई : का थांबू? तुम्हालाबी तर राहायचंच हाय!

कुंदाताई : आहेच. खोटं कशाला बोलू? तिकीट काढलं त्या दिवसापासून मी दुसरं काही बोललेले नाही. पण हा झाला ना, तेव्हा मी साताऱ्याला होते, माहेरी. याचे बाबा बाराव्या दिवशी आले, थेट बारशाला. नवा शर्ट, पेढ्यांचा पुडा. मी याला त्यांच्या हातात द्यायला गेले, तर म्हणाले, ‘नको, मला सवय नाही.’

अनिमेष : आई, हे तू कधी बोलली नाहीस.

कुंदाताई : कोणाला बोलणार? सगळे पेढे खात होते. माणूस वाईट नव्हता रे. पण ती सवय त्यांना शेवटपर्यंत झाली नाही. पुढे तुला ताप आला की दारात उभे राहून विचारायचे, ‘कसा आहे?’ शेजाऱ्यासारखे.

सरलाताई : दारातनंच?

कुंदाताई : हा मागतोय ते त्याला करू द्या, सरलाताई. आपल्याला वाईट वाटेल. मला तर आत्ताच वाटतंय.

सरलाताई : अनिमेषराव, ती बाटली आणा इकडं. भरलेली.

अनिमेष : वाइन घेताय, मम्मी?

सरलाताई : वाइन कशाला घेतीय? कुंदाताई, तुमची शाल द्या.

कुंदाताई : अहो, पश्मिना आहे ती.

सरलाताई : मग काय माझी नेसती साडी सोडू? द्या. हं, गुंडाळली. आता धरा हे. टबात आंघोळ घालायचीय बाळाला, असं समजा.

अनिमेष : इथे? लोक यायला लागलेत, मम्मी.

सरलाताई : येऊ देत. धरा.

अनिमेष : असं?

सरलाताई : मान! अरे मान सोडलीस की! मानेखाली तळहात, बोटं कानामागं. बाळ याच्या दुप्पट जड असतंय आन् वर पाय झाडतंय.

कुंदाताई : दुसरा हात खाली घे, बुडाला.

सरलाताई : तुम्ही मधे बोलू न… बरोबर सांगतायसा. घे, खाली घे. हां.

अनिमेष : आता?

कुंदाताई : बघा, किती घट्ट धरलंय त्याने.

सरलाताई : धरू दे. शमीला पहिल्यांदा मीबी असंच धरलं होतं.