बदकाचं डोकं

फर्दापूरच्या बसच्या रांगेत माझ्यापुढं दोन शेजारणी होत्या. एकीच्या कडेवर चिनीमातीचं बदक होतं. त्याला डोकं नव्हतं.

"कमरुन्निसाभाभी, हे कुणी फोडलं?"

"फोडलं नाय, द्वारकाबाई, वाटणी झाली. बिर्याणी वाढायचं भांडं हाय, सासऱ्याच्या आजाचं. पोलीस अ‍ॅक्शननंतर घर फुटलं. पोट आमच्याकडं आलं, डोक्याचं झाकण फर्दापूरला जावेकडं गेलं."

"मग दावतीला काय करता?"

"आम्ही पोटावर परात झाकतो. ती नुसतं डोकं दस्तरखानावर मांडती."

"आन् बोलणं?"

"तवापासून बंद."

"मग आज कशाला जाता?"

"परवा माझ्या गयासच्या लग्नाची दावत, वलीमा हाय. आमच्यात नवरदेवाला पहिला घास ह्याच बदकातून वाढतात. पोरगा परातीखालचं खाणार नाय."

"पण पोट कशाला वागवताय?"

"ती म्हणंल, झाकण आता बसत नाय. तिच्यासमोर बसवून दाखवते."

"आन् तरी नाय दिलं तर?"

"नायच देणार. लई हट्टी हाय. ते डोकं कुणाच्या हाती देत नाय, जाईल तिथं स्वतःच घेऊन जाती."

"मग?"

"म्हणून तर येताना दोन तिकिटं काढणार."