बाबाले पनीर

केवळराम : हॉस्टेलात गेलो तं म्हनते, रविवारी नीतू मॅडमच्या घरीच राहते. चाल आता. सामान बांध. दुपारच्या बसनं निघाचं हाये आपल्याले.

नीतू : बाबा, आधी बसा तं खरं. पहाटेचे निघाले असान आसगाववरून. पाणी तरी प्या.

केवळराम : पानी पेतो. हे थैली तेवढी आत ठेवा. पन बसत नाई. बसलो का तू गोडगोड बोलशीन.

नीतू : पण झालं काय? कॉलेज चालू हाये, परीक्षा तोंडावर हाये, आन् तुम्ही एकदम न्यायलेच आले!

केवळराम : पयले रोज सांजले फोनवर रडे तू. मले घरी न्या, मले घरी न्या. इकडं तू रडे, तिकडं चुलीपुढं तुही माय सखाबाई रडे. दिवाळी झाली आन् हळूहळू रडनं बंद. परवा मी फोन केला तं म्हनते, 'बाबा, मंग बोलतो, आम्ही गाने म्हनून राहिलो.' असं कोन्तं औषध देल्लं तुले, तेच पाहाले आलो.

नीतू : म्हणजे मी रडत नाही म्हणून न्यायले आले?

केवळराम : हो. रडत होती तोवर मले समजत होतं.

नीतू : रीताताई, या न इकडं. तुम्हीच सांगा यायले.

रीता : नमस्कार काकाजी. मी रीता. कॉलेजची मुलंमुली रविवारी इथे माझ्याकडे जमतात. फेलोशिप म्हणतो आम्ही. बायबल वाचतो, गाणी म्हणतो, प्रार्थना करतो, मग सगळे मिळून जेवतो. बस, एवढंच.

केवळराम : एवढंच असतं तं गावात लोक काहून बोलून राहिले असते? पानठेल्यावर भैयाजी म्हने, केवळराम, तुही पोरगी ख्रिस्ती झाली, आता नाव बदलवते.

नीतू : कोणी नाव नाही बदलवलं माह्यं!

केवळराम : तुले नाई इचारलं. मॅडमले इचारलं.

रीता : लपवायचं काही नाही काकाजी. आम्ही येशूला मानतो आणि त्याच्याबद्दल सांगतो. नीतू ऐकते. कधी तिला पटतं, कधी माझ्याशी वाद घालते. तिने काय मानायचं ते तिच्या मनावर.

केवळराम : आन् नाई मानलं तं?

रीता : तर पुढच्या रविवारी भांडी घासायची पाळी तिची आहे. मानलं तरी तिचीच आहे.

केवळराम : हं. नीतू, तू सांग. इथं काय भेटते तुले, जे हॉस्टेलात नाई भेटत?

नीतू : मायनं सुकवलेले झिंगे देल्ले होते न बाबा? मी डब्बा उघडला तं पोरींनी नाकाले रुमाल लावले. वॉर्डनजवळ तक्रार केली. मंग मी डब्बा बंद केला आन् तोंड बी बंद केलं. सगळ्यांचं झालं का मंग जेवाले जात होती. हर्षा हाये न, माह्या वर्गातली, तिनं एक दिवस म्हटलं, रविवारी चाल. खोटं कायले बोलू, मी चहा-बिस्किटासाठी आली.

केवळराम : झिंग्याचं सांगितलं नाई तू आमाले.

नीतू : कसं सांगू? मायनं उन्हात बसून निवडले होते.

केवळराम : मंग इथं बरं लोकाईनं नाकाले रुमाल लावले नाई?

नीतू : इथं पहिल्या दिवशी इचारलं, तुह्यासाठी काय मागायचं देवाजवळ? मले काही सुचे ना. म्हटलं, माह्या बाबाचे पाय. तळ्यात उभं राहून राहून बोटाच्या मंधात चिखल्या होते त्यायले.

केवळराम : माह्ये पाय? देवापुढं?

रीता : दर रविवारी तुमचं नाव घेतो आम्ही. मुलं विचारतात, नीतूच्या बाबांचे पाय कसे आहेत आता?

केवळराम : अरे बाप्पा! मी का मंत्री हावो? पाय तं तसेच हायेत, मॅडम.

रीता : मग चालू ठेवतो. या काकाजी, वाढायला घेते. तुम्ही येताय असा हॉस्टेलातून फोन आला, तेव्हाच तुमच्यासाठी मुद्दाम वेगळं केलंय.

नीतू : काय केलं, ताई?

रीता : पनीर. आणि वरणभात. शुद्ध शाकाहारी. कढईसुद्धा नवीन काढली, म्हटलं काकाजींना आमच्या घरचं बाटलेलं वाटायला नको.

नीतू : पनीर? ताई! माह्या बाबाले पनीर?

रीता : अगं, पाहुणे पहिल्यांदा आलेत. काय चालतं, काय नाही…

नीतू : जलमभर तळ्यात जाळं टाकते तो माणूस! आन् त्यायच्या थैलीतल्या मासोऱ्या कोठी गेल्या?

रीता : मागच्या दारी झाकून ठेवल्यात. मला वाटलं, बाजारात विकायच्या असतील.

नीतू : पोरीच्या दारी कोणी विकाले आणते का? मले इचाराचं न! तुम्ही कधी इचारतच नाही ताई, मनानंच ठरवता. ख्रिसमसले बी माह्यं गाणं न इचारता हर्षाले देऊन टाकलं!

रीता : तुझं पाठ नव्हतं!

नीतू : होतं! दुसरं कडवं तेवढं राहिलं होतं!

रीता : आणि तिसरं?

नीतू : तिसरं सगळेच म्हणते!

(केवळराम हसू लागतो.)

रीता : काय झालं काकाजी?

केवळराम : काही नाई. चालू द्या तुमचं.

नीतू : हसता कायले, बाबा?

केवळराम : दिवाळीले घरी आली तं पाहुनीवानी बसे तू. भाजीत मीठ पडलं नाई त्या दिवशी बी म्हने, चांगली झाली. माय म्हने, पोरगी चिडत बी नाई आता. मले भेव वाटलं होतं. आज लय दिवसानं तुहा आवाज आयकला.

रीता : काकाजी, पण माझं चुकलंच. तिला विचारायला हवं होतं.

केवळराम : चुकलं तं चुकलं. पनीर बी वाढा, खाऊन पाहातो कसं लागते ते. पन पयले मरळ काढा, अजून जिती अशीन. चिच हाये का घरात?

रीता : आहे.

केवळराम : नीतू, इळी आन्. मूठभर राख भेटली तं पाह्य, हातातून सुटते ते.

नीतू : आन् दुपारची बस?

केवळराम : सांजले बी राहते न एक.

नीतू : आन् सामान?

केवळराम : कोनाचं? माह्यी तं एकच थैली हाये. पन मॅडम, एक सांगून ठेवतो. होळीले पोरगी घरी पायजे. देवापुढं दिवा तेच लावते आमच्याकडं.

रीता : पाठवते की. आम्ही सगळेच आलो तर?

केवळराम : तं येवढ्या लोकाईचं रांधाले शेजारून मोठा गंज मागून आनाव लागन.

नीतू : बाबा, मायले काय सांगाल?

केवळराम : सांगीन, पोरीले तिथं भांडाले मानसं भेटले.