पाचपैकी पाच

“हॅलो? … प्रक्षेपण केंद्र. … कोण, साहेब का? … अगं, तू होय! मला वाटलं, बंदचं बटण दाबलं का, अशी हेड ऑफिसातून चौकशी आली. … चौकशीच आहे? … मग बोला, मॅडम.”

टेकडीवरच्या त्या खोलीत यंत्र थंड ठेवणारे पंखे असे घोंघावत, की फोनवर ओरडून बोलायची इंजिनिअरांना सव्वीस वर्षांची सवय होती. पलीकडे त्यांची लेक. ती हेड ऑफिसच्या अ‍ॅप विभागात, ते रेडिओत. एकाच घरात दोन पक्ष. सकाळच्या चहापुरती युती.

“हो, हो… चार वाजता. … विसरेन कसा? लेखी आदेश समोर आहे. ‘दुपारी ठीक चार वाजता डिजिटल प्रक्षेपण कायमचे बंद करून तसा अहवाल द्यावा.’ अहवाल द्यायला मला चालू ठेवलंय, एवढी मेहेरबानी. … नाही गं, चिडलो नाही. पंख्यांमुळे मोठ्याने बोलतोय. … जेवलीस? … लॅपटॉपसमोर जे होतं त्याला जेवण म्हणत नाहीत. घरूनच काम आहे ना आज? मग पाच मिनिटं उठायचं की.”

“बरं, ऐक ना. श्रोते शून्य, हे तुमच्याकडे कशावरून ठरलं? … कोणी नोंदणी केली नाही म्हणून. बरोबर. आणि आवाहन काय होतं? … तू नाही लिहिलंस, माहीत आहे मला. पण आठवडाभर मीच ते हवेत सोडलं. ‘श्रोतेहो, खाली दिसणारा कोड स्कॅन करा.’ … हसू नकोस. रेडिओच्या खाली काय दिसतं? … टेबल. … हां.”

“नाही, मान्य आहे. आवाहन शहाण्याने लिहिलं असतं तरी आकडा फार हलला नसता. … अगं, मला दिसत नाही का? बसमध्ये ज्याच्या त्याच्या कानात पांढरी बोंडं. आवाज सुधारावा म्हणून अकरा वर्षांपूर्वी जुनं प्रक्षेपण बंद करून डिजिटल आणलं, तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सहा सेट मागवले. पाच अजून तिथेच आहेत. … सहावा मी घेतला. तुझ्या आईला. … हो, तोच. खिडकीतला.”

“तुमच्या फोनशी आम्ही काय झुंजणार, बाई! आम्ही देऊ ते ऐकायचं. तुमचा फोन विचारतो, काय देऊ? थांबवता येतं, मागे नेता येतं. वर माणूस कितव्या मिनिटाला कंटाळला, तेही तुम्हाला कळतं. … आम्हाला? आम्हाला काहीच कळत नाही. सोडून द्यायचं. कोणी ऐकलं तर ऐकलं. … असेल तोटा. पण सव्वीस वर्षांत मला मधेच कोणी बंद केल्याचंही कळलं नाही, तो फायदा धर की.”

“शून्य मात्र नव्हते हं. … एक होता. … पुरावा आहे. कार्डं आहेत माझ्याकडे.”

टेबलाच्या खणात चपलांचं एक खोकं होतं. ऐकणाऱ्याने तारीख, वेळ आणि आवाजाच्या स्वच्छतेला पाचपैकी किती गुण ते पोस्टकार्डावर लिहून पाठवायचं, केंद्राने शिक्का मारून पोचपावती धाडायची, ही रेडिओची जुनी रीत. बाकीच्यांची कार्डं केव्हाच आटली होती. एकाचीच येत राहिली होती.

“नाव नाही. ‘एक श्रोता’. पत्ता आपल्या खालच्या शिंपीकाकांच्या दुकानाचा. … तुला ठाऊकच नाही? … असं? … थांब, वाचतो. ‘सकाळी साडेदहा. पाचपैकी चार. बातम्या देणाऱ्याला सर्दी झाली आहे, वाफ घ्यायला सांगावे.’ … आणि हे बघ. ‘दुपारी दोन. पाचपैकी दोन. आवाज मधेच गिळला जातो. इंजिनिअरने डबा वेळेवर खाल्ला तर कामात लक्ष राहील.’ … आता सांग, कोण असेल हा श्रोता?”

“… अगं, तीस वर्षं तिच्या हातच्या सामानाच्या याद्या घेऊन बाजारात गेलोय. अक्षर ओळखणार नाही? … नाही, मी कधी बोललो नाही. तीही नाही. मी पोचपावती पाठवायचो, शिंपीकाका ती शिवलेल्या कपड्यांच्या पिशवीत घालून द्यायचे. रात्री समोरासमोर जेवायला बसायचो आम्ही, एक केंद्र आणि एक श्रोता. … छे! ऑफिसचा पत्रव्यवहार मी घरात आणत नाही.”

“… हो. आठ महिने झाले तिला जाऊन. … मलाही वाटलं, खोकं आता बंद. आणि गेल्या महिन्यात एक कार्ड आलं.”

इंजिनिअरांनी ते खोक्यातून काढलं. सगळ्यांत वर तेच होतं.

“‘एक श्रोता’च. पत्ता तोच. ‘मंगळवार, सकाळी अकरा. पाचपैकी पाच.’ अक्षर तिच्यासारखं काढलेलं, पण तिच्याहून सुबक. … हॅलो? … आहेस ना? … आहेस. नाक ओढतेस ते ऐकू येतंय.”

“बाळ, त्या मंगळवारी दहा ते एक केंद्र बंद होतं. केबल बदलत होतो. इथून हवेत एक अक्षर गेलं नाही. … नाही, नाही… खोटं लिहिलंस असं कुठे म्हणतोय मी? तू ऐकलंसच. स्टुडिओतून अ‍ॅपवर सगळं जातच होतं. ऐकलंस फोनवर आणि कार्ड लिहिलंस रेडिओला.”

बंदचा आदेश त्या कार्डानंतर दोन आठवड्यांनी आला, पण निकाल इंजिनिअरांच्या खणात आधीच पडला होता. उरलासुरला एक श्रोता, तोसुद्धा घरचा, आणि तोही फोनवरच निघाला. त्यानंतर बंदचा निर्णय घेणाऱ्या समितीला कोणता मुद्दा ऐकवायचा?

“रडू नकोस. … नाही गं, वाईट नाही वाटलं. … वाटलं थोडं. … पोचपावती? नाही पाठवली. न केलेल्या प्रक्षेपणाची पोच देता येत नाही. … हो, मुलीलासुद्धा. … म्हणून म्हणतो, ऐक. दहा मिनिटं आहेत. आईचा सेट कुठेय? … कपाटात कशाला ठेवलास? … बरं, काढ. खिडकीतच ठेव, तिथेच नीट पकडतो. … तार लाव. … दिवा लाल आहे? … थांब जरा, शोधतोय तो. … हिरवा झाला? … आता फोन त्याच्याजवळ धर.”

आधी नुसती खुडबुड झाली. मग रिसीव्हरमधून त्यांचंच केंद्र बोलू लागलं, टेकडीवरून घरी जाऊन परत आलेलं. निवेदिका हवामान सांगत होती. इतक्या वर्षांत आपला रेडिओ घरच्या खिडकीत कसा वाजतो, हे इंजिनिअरांनी ड्यूटीच्या वेळी कधी ऐकलं नव्हतं. ऐकणार कसे? त्या वेळी ते तो वाजवत असत.

“येतंय. … अगं, स्वच्छ येतंय! … हो, ऐकतोय. … आता तूही बोलू नकोस.”

चार वाजले. त्यांनी बटण दाबलं. एकेक पंखा मंदावत थांबला. फोनमध्ये निवेदिका मात्र अजून सांगत होती, “उद्या आकाश…” आणि तिथेच सगळं गप्प झालं. जुना रेडिओ निदान खरखरत राहिला असता. डिजिटल तेवढंही मागे ठेवत नाही.

“… हॅलो? … हो. झालं. … लक्षात आलं तुझ्या? बटण दाबल्यावरही क्षणभर बोलत होती ती. सेटमध्ये थोडं साठलेलं असतं. … हो, तेवढंच. … मी ओरडतोय? … अरे हो, पंखे बंद झाले ना. सवय.”

इंजिनिअरांनी आवाज खाली आणला आणि पोचपावतीचं कोरं कार्ड पुढे ओढलं.

“बरं, सांग. तीन त्रेपन्न ते चार. आवाज किती? … विचार करून सांग, याची नोंद होणार आहे. … पाचपैकी? … हं. लिहिलं. … पत्ता शिंपीकाकांचाच ना? … आणि नाव काय घालू?”

“… बरं. ‘एक श्रोता’. … ठेव आता. शिक्का मारायचाय.”