तेलाच्या डब्याचा पत्रा

कुंडलिक : लावा आता चुंबक हितं. धरलं का?

हर्षाली : नाही, पडलं.

कुंडलिक : जरा वर सरका. दाराच्या खांबाला लावा.

हर्षाली : परत पडलं. मिस्त्रीकाका, तुमचं चुंबकच खराब असेल.

कुंडलिक : जत्रंतल्या भोंग्याच्या स्पीकरमधनं काढलंय ते. हातोडी उचलतंय. चुंबक लोखंडाला धरतं ताई, पुट्टीला धरत नाय. तुमच्या ट्रकच्या केबिनला पत्रा कमी आन पुट्टी जास्त झालीय. वरनं निळा रंग बघून तुमी फोनवर म्हणालात, काका, थोडासा गंज हाय.

हर्षाली : मला तसंच वाटलं. चार महिने सुट्टीच्या दिवशी हेच करतेय मी. इंजिन उतरवलं, पंप बसवला, ब्रेक नवे केले. केबिनला टोचून बघायचं तेवढं राहिलं.

कुंडलिक : इंजिनाला मात्र तोड नाय. काल फाट्यावरनं आवाज आला तवाच म्हणलं, कुणीतरी जुनं माणूस येतंय. अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात हे शिकवत असतील तर पोरं वाया जात नाय म्हणायची. पण इंजिन निराळं आन पत्रा निराळा. इंजिन आजारी पडलं तर खोकतं, धूर काढतं, चार लोकांना सांगतं. पत्रा गप बसून सडतो.

रखमाजी : किती सडलाय ते सांग. कीर्तन मागनं कर.

कुंडलिक : सांगतो की अण्णा. तुमी टायरावर निवांत बसा, शेंगा खावा. चासी दगड हाय, तिला हात लावायचं काम नाय. मागचा हौदा लाकडाचा, त्यो तुमच्या सुतारानं नवा केलाय, चांगला केलाय. बिघडलीय ती केबिन. पायाखालचा पत्रा पार गेला. हा बघा पेचकस, घातला की आरपार. दोनी दारांची खालची कड वीतभर. आन डायवरच्या बाजूचा खांब, ज्याच्यावर दार लटकतं, त्यो आतनं गेलाय.

हर्षाली : पण पायाखालचा पत्रा एवढा कसा सडेल? गाडी चौदा वर्षं शेडमध्ये उभी होती. पावसाचा थेंब लागला नाही तिला.

कुंडलिक : शेडमधी व्हती, पण रिकामी व्हती का?

हर्षाली : म्हणजे?

कुंडलिक : तुमच्या ह्या आजोबांना इचारा.

रखमाजी : खताच्या गोण्या ठिवायचो. केबिनला कुलूप लागायचं.

कुंडलिक : ह्या तालुक्यात उभी गाडी म्हंजी खताची खोली. युरिया हवेतलं पाणी वढतो, गोणी पाझरती, आन खालचा पत्रा ते पीत बसतो. चौदा वर्सं पाजलं तुमी त्याला.

हर्षाली : आणि बाबा, स्टिअरिंगवर कोंबड्या बसायच्या त्याचं काय?

रखमाजी : दोनच बसायच्या.

कुंडलिक : दोन पुरतात.

हर्षाली : बरं, झालं ते झालं. काका, दिवस किती लागतील?

कुंडलिक : सडलेलं कापायचं, नवा पत्रा घडवायचा, वेल्ड मारायचा. मग नखभर पुट्टी, प्रायमर, घासणं, रंग, परत घासणं, परत रंग. महिना धरा.

हर्षाली : महिना नाही जमणार. जत्रा अकरा दिवसांवर आलीय. या वर्षी मांडवडहाळे आमच्या गाडीतून न्यायचे ठरलेत.

कुंडलिक : महाळुंग्याची जत्रा?

हर्षाली : हो. आंब्याजांभळाचे डहाळे भरायचे, वर सगळं गाव बसवायचं आणि शिवारातून देवळापर्यंत वाजतगाजत आणायचं. तीस वर्षं बाबांनी आणले. गाडी उभी राहिली तेव्हापासून ट्रॅक्टर लावतात. बाबा ट्रॅक्टरच्या मिरवणुकीला जात नाहीत, देवळात जाऊन बसतात.

रखमाजी : ट्रॅक्टर धूळ लई उडवतो.

कुंडलिक : मग पुढच्या जत्रंला न्या की. देव कुठं पळून चाललाय.

हर्षाली : पुढच्या जत्रेला बाबांचं लायसन नसेल. जूनमध्ये संपतंय. डोळ्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय, आत्ता दिसतंय ठीक, पण पुढच्या कागदावर सही करणार नाही. म्हणजे चालवायची ती याच जत्रेला.

रखमाजी : हे सांगू नको म्हणलो व्हतो मी तुला.

हर्षाली : सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार बाबा? काका, असं करा. आत्ता सगळं उघडू नका. भोकं आहेत तिथं पत्र्याची ठिगळं रिव्हेट करा, वरून पुट्टी, वरून निळा रंग. जत्रा झाली की गाडी परत तुमच्या दारात. मग महिना घ्या, दोन घ्या.

कुंडलिक : ताई, मी पस्तीस वर्सं पत्रा ठोकतोय. 'जत्रा झाली की आणतो' म्हणून गेलेली गाडी परत आलेली अजून बघितली नाय. आन मिरवणुकीत काय व्हतं ते तुमाला ठाव हाय. हौद्यात जागा उरत नाय, मग पोरं केबिनच्या दाराला लटकत्यात. चार पोरं एका दाराला. दार कशावर लटकतंय? ह्या खांबावर. आन खांब कशाचा हाय? पुट्टीचा.

हर्षाली : एवढा वाईट आहे?

कुंडलिक : गंज एकटा असता तर वाचला असता त्यो. त्याला मारला मिस्त्रीनं. कुणीतरी गाढवानं आतला गंज तसाच ठिवून वरनं ठिगळ मारलंय, त्याच्यावर बोटभर पुट्टी चोपडलीय. बाहेरनं नवरीवानी गाडी, आन आत पाणी कोंडलेलं. असल्या माणसाच्या हातात हातोडी देणं पाप हाय.

रखमाजी : लईच खराब केलंय का?

कुंडलिक : अण्णा, माझ्या उस्तादापुढं असलं काम कुणी केलं असतं ना, त्यानं पाना फेकून मारला असता. सुभाष मिस्त्री, नारायणगावचे. आख्ख्या पुणे-नाशिक रोडला नाव व्हतं. बारा वर्सं त्यांच्या हाताखाली काढली मी.

रखमाजी : म्हंजी हे करणारा गाढवच म्हणायचा.

कुंडलिक : थोरलं गाढव.

रखमाजी : बरं.

हर्षाली : बाबा, तुम्ही हसताय का?

रखमाजी : नाय. शेंग खवट निघाली.

कुंडलिक : गॉगल घाला ताई, मागं सरा. दावतोच तुमाला, म्हंजी परत ठिगळाचं नाव काढणार नाय. हां. ही बघा पुट्टी, वड्या पडत्यात नुसत्या. आता ठिगळ दिसाया लागलं. रिव्हेट मारलेत. दोन वर, दोन खाली, आन मधी एक. पत्रा पातळ लागतोय. हा गाडीचा पत्राच नव्हं. गोड्या तेलाच्या डब्याचा हाय, छाप आतल्या अंगाला फिरवला असणार.

(ग्राइंडर बंद झाला. कुंडलिकनं पकडीनं ठिगळ ओढून काढलं, उलटसुलट केलं, पँटला पुसलं आणि मधल्या रिव्हेटवरून अंगठा फिरवला.)

हर्षाली : काय झालं काका? हात कापला का?

कुंडलिक : नाय.

हर्षाली : मग?

कुंडलिक : अण्णा, ही गाडी तवा निळी नव्हती.

रखमाजी : हिरवी व्हती. निळी मागनं केली.

कुंडलिक : नारायणगावला घेऊन आलता तुमी. खंडेनवमीच्या आदल्या दिशी. गॅरेजबाहेर गाड्यांची रांग लागलेली.

रखमाजी : चोवीस वर्सं झाली.

हर्षाली : कुणीतरी मला कळेल असं बोला.

कुंडलिक : ताई, एवढ्या ठिगळाला चार रिव्हेट पुरतात. मधला पाचवा कुणी मारत नाय. मी मारायचो. उस्ताद म्हणायचे, कुंडल्या, तुझा चारावर भरवसा नाय व्हय? हे ठिगळ माझं हाय. मगाधरनं ज्याला शिव्या देतोय त्यो मीच.

हर्षाली : बाबा, तुम्हाला हे माहीत होतं?

रखमाजी : व्हतं.

हर्षाली : आणि माहीत असून गाडी यांच्याकडंच आणायला लावलीत? मंचरला मी दोन गॅरेजं बघून ठेवली होती.

रखमाजी : म्हणून तर म्हणलो, गाडी गेली तर कुंडलिककडंच जाईल. कुंडलिक, त्या दिशी तू काय म्हणला व्हतास ते आठवतंय का तुला?

कुंडलिक : काय म्हणणार अण्णा. चोपडली आन दिली.

रखमाजी : चोपडायच्या आदी म्हणला व्हतास. 'अण्णा, ह्यो खांब आतनं गेलाय, कापावा लागंल, चार दिस द्या.' उस्तादाच्या तोंडावर म्हणलास. मी म्हणलो, उद्या पूजा हाय, सगळ्यांच्या गाड्या चकाचक उभ्या ऱ्हातील, माझीच तेवढी उघडी नागडी ठिवू का? उस्ताद म्हणले, गिऱ्हाईक म्हणतंय ना, मार ठिगळ. तवा तू मारलंस. गाडी घेऊन घरी गेलो, पूजा केली, नारळ फोडला, समदी म्हणली काय गाडी हाय. पण मला ठाव व्हतं, तिथं एकच माणूस खरं बोलला आन मी त्याला गप केला.

कुंडलिक : बोललो असन. ठिगळ तर माझ्याच हातानं बसलं ना? नुसतं बोलल्यानं गंज थांबत नाय अण्णा.

रखमाजी : नाय थांबत.

हर्षाली : आणि मी आत्ता तुम्हाला तेच सांगत होते. ठिगळ, पुट्टी, रंग.

कुंडलिक : शब्दाला शब्द. अण्णाचीच नात.

हर्षाली : मग आता काय करायचं? खांब असा ठेवून पोरं दाराला लटकू द्यायची नाहीत, एवढं मलाही कळतंय.

रखमाजी : करायचं काय? कुंडलिकला महिना पायजे तर महिना घेऊ दे. ट्रॅक्टर हायेच. माझ्या एका दिसाच्या हौसंसाठी दुसऱ्यांदा डब्याचा पत्रा नको. मी देवळात बसन.

कुंडलिक : थांबा की अण्णा. जरा मोजू द्या. आदी केबिनमधी आडवा अँगल मारायचा, नायतर खांब कापला की केबिन बसती आन दार जन्मात लागत नाय. त्यो आजच मारतो. खांब तीन दिस. पायाखालचा पत्रा दोन. दारं दोन. दारं बसवून, उघडझाप करून बघाया एक. आठ झालं. अकरातलं तीन उरतात. महिना कशाला लागतो? रंगाला. मग रंग द्यायचाच नाय.

हर्षाली : म्हणजे कशी न्यायची?

कुंडलिक : गंज धरू नये म्हणून लाल प्रायमरचा एक हात, आन चालली गाडी. पुट्टी एक बोट नाय. वेल्डाची रेघ दिसंल, हातोडीचा ठोका दिसंल. जिथं कापलं तिथं लाल, जिथं जुना पत्रा धड हाय तिथं निळी.

हर्षाली : गोधडीसारखी दिसेल.

कुंडलिक : दिसू दे. पण दाराला दहा पोरं लटकली तरी कडी सुटायची नाय. तेवढं मी आज लिहून देतो.

हर्षाली : काका, सगळं गाव तुमचं काम उघडं बघेल. एखादा वेल्ड वाकडा गेला तर तोही दिसेल.

कुंडलिक : वाकडा जायला मी आता तीस वर्सांचा नाय ताई. पेंटर आपलं नाव टाकतो कोपऱ्यात. पत्रा मिस्त्रीचं काम रंगाखाली जातं, कुणी बघत नाय, म्हणून तर गाढवं माजतात. एकदा बघू दे गावाला.

हर्षाली : बाबा, चालेल तुम्हाला? बिनरंगाची गाडी? तुम्ही टोपीची घडी मोडली तर दूध आणायलाही जात नाही.

रखमाजी : लोक काय म्हणतील?

कुंडलिक : म्हणतील, म्हाताऱ्याला रंग द्यायला बी दम निघाला नाय.

रखमाजी : ते खरंच हाय. म्हणू दे. डहाळ्यांनी निम्मी झाकंलच.

कुंडलिक : डहाळे हौद्यात बांधायचे. केबिनवर एक पान चढवाल तर गाडी देणार नाय.

रखमाजी : बरं बाबा. केबिन उघडी. त्या दिशी नागडी नको म्हणलो, तशीच न्यायची आली.

हर्षाली : मी चाकणला कंपनीत फोन करते, आठ दिवस रजा टाकते. मला काम सांगा.

कुंडलिक : ग्राइंडर धरा आन पुट्टी उतरवत चला. मधनंमधनं चुंबक लावायचं. धरलं की थांबायचं, पडलं की पुढं जायचं. आन अण्णा, तुमी शेंगा बाजूला ठिवा. अँगल धराया माणूस पायजे मला.

रखमाजी : आलो. गुडघ्याला हात दे, उठव.

हर्षाली : हा डब्याचा तुकडा कुठं टाकू काका? भंगारात?

कुंडलिक : आणा हिकडं. मारुतीच्या फोटोखाली खिळा हाय, तिथं टांगतो. कुणी आलं का लगीन हाय, जत्रा हाय, उद्याच पायजे, की बोलायचं नाय. ह्याच्याकडं बोट करायचं.

रखमाजी : आन इचारलं कुणाचं काम म्हणून? माझं नाव नको घालू त्यात.

कुंडलिक : घालणार अण्णा. दोघांचं बी सांगणार.

रखमाजी : सांगच मग.

कुंडलिक : आदी माझं सांगन.