तेवीस किलो

वैजयंती : हात लावू नकोस त्या बॅगेला! आधी सांग, आतलं अस्तर कुणी उसवलं होतं?

नकुल : आई, कोट तरी काढू दे. बेसिंगस्टोकहून थेट तुझ्याकडे आलोय. मोटरवेवर अडकलो होतो नुसता.

वैजयंती : अडक. मीही अडकलेच होते. जपानच्या डोंगरात, आंघोळीनंतरचा झगा घालून, पोलिसांसमोर.

अक्षरा : डॅड, मी तुला बोललेली, आजीला सांग. सिक्रेट ट्रॅकर इज क्रीपी.

नकुल : अक्षरा, तू गप्प बस. सत्तरीची बाई ट्रेनने एकटी जपानभर फिरणार, भाषेचा पत्ता नाही, आणि मी काय हातावर हात ठेवून बसू?

वैजयंती : सत्तरीची बाई म्हणे! इथे लंडनला, हाउन्सलोत केमिस्टच्या काउंटरवर जन्म काढला मी. तुझ्या बाबांनीसुद्धा कधी माझ्या गळ्यात घंटा बांधली नव्हती.

नकुल : मग फोन का नाही उचललास? ट्रॅकरवर ती बॅग रात्रभर क्योटोच्या कुठल्याशा गोडाउनमध्ये. हलेचना. मला काय काय वाटलं ते विचारूच नकोस.

वैजयंती : अरे, बॅग मी पुढे पाठवली होती! तिथे पद्धतच आहे तशी. आज इथे दुकानात द्यायची, उद्या पुढच्या गावच्या हॉटेलात हजर. आपण एक पिशवी घेऊन मोकळं डोंगरात जायचं. आणि तिथे ट्रेनमध्ये कुणी फोनवर बोलत नाही. मीही बंद केला, तो बंदच राहिला.

नकुल : हे मला इथे बसून कसं कळणार?

वैजयंती : लॉजचा नंबर दिला होता तुला.

नकुल : केला ना फोन! त्यांना माझं इंग्लिश कळेना.

वैजयंती : म्हणून थेट पोलीस? दोन पोरगेलेसे पोलीस आले. बूट काढले, गुडघे टेकून बसले आणि उलट माझीच माफी मागितली! जेवणारे सगळे थांबले. लॉजवाल्या बाई रडकुंडीला आल्या, त्यांना वाटलं आपल्याच हातून काही चुकलं. बॅगेत काय शिवलंय ते मला पोलिसांकडून कळतं, नकुल. लाज वाटली मला.

नकुल : सॉरी म्हणालो ना फोनवर.

वैजयंती : आणि तुझ्या मावशीला, सुचेताला, पुण्याला कळवलंस, ते? ती आधीच घाबरट, तिने गावभर केलं. सकाळी फोन उघडला तर जो तो ‘परत ये, परत ये’. तुझं बीपी वाढलंय म्हणे.

नकुल : वाढलं होतं.

वैजयंती : म्हणून आले, अर्ध्यावर सोडून. समुद्राकाठची गाडी राहिली. दोन डब्यांची, खिडकीखाली थेट लाटा. तिच्यासाठीच तर गेले होते रे मी!

नकुल : मग परत जा ना. पुढच्या वर्षी एजवेअरच्या मराठी मंडळाची टूर आहे. कोच, व्हेज जेवण, सगळी आपली माणसं...

वैजयंती : कोचमधून कसला समुद्र दाखवतोस? ऑक्टोबरचं तिकीट काढलंय मी. एकटीचं.

अक्षरा : मी हेल्प केली.

नकुल : तू? आणि मला एका शब्दाने...

वैजयंती : तिच्यावर ओरडू नकोस. इकडे बघ. तू लहान असताना सुट्टीत कुठे जायचो आपण?

नकुल : पुण्याला.

वैजयंती : दर वेळी. कधी कुणाचं लग्न, कधी कुणाचं ऑपरेशन. विमानाच्या तेवीस किलोत माझ्या दोन साड्या. बाकी ह्याची चॉकलेटं, त्याचे बूट, सुचेताच्या सासऱ्यांचं बीपीचं मशीन. येताना मेतकूट आणायचं, तेही ज्याचं तोंड पाहिलेलं नाही अशा कुणाच्या तरी मुलासाठी! माझं काही राहिलं का, असं एकानेही कधी विचारलं नाही.

नकुल : मला कधी असं वाटलंच नाही...

वैजयंती : कशाला वाटेल? या वेळी बॅग भरली आणि सगळं माझं. माझे कपडे, माझा कॅमेरा, माझ्या चकल्या. अर्धी रिकामी होती रे. वेड्यासारखी बघत बसले होते तिच्याकडे. आणि तू त्यातही तुझं काहीतरी घातलंस. न विचारता!

(नकुल बॅग उघडून आतलं अस्तर चाचपतो.)

नकुल : कात्री कुठेय? काढतो तो ट्रॅकर.

अक्षरा : ही घे.

नकुल : रोज एक मेसेज तरी टाकशील?

वैजयंती : वाटलं तर टाकीन.

नकुल : बरं. वाटलं तर टाक.

वैजयंती : त्या गाडीचा फोटो मात्र नक्की पाठवीन.

नकुल : आई, तिथे किचनचे सुरे फार छान मिळतात म्हणे. आता जातेच आहेस तर एखादा...

अक्षरा : डॅड!

नकुल : नाही, नाही. मला काही नको, आई. बॅग हलकीच राहू दे.